फोर्टातली उघडी दारं

मुंबईच्या फोर्टातल्या काळा घोड्याला म्युझियम आणि गॅलऱ्या बघत फिरायला जायचं तर शनिवार बरा. सोमवारी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, बंद असतं, रविवारी बहुतेक खाजगी गॅलऱ्यांना कुलूप असतं, आणि आम्हा विरार लाईनवाल्यांना रविवारी ब्लॉकची धास्ती. शनिवारी सगळं उघडं असतं आणि कचेऱ्यांची निम्मी गर्दी नसल्यामुळे फुटपाथवरून चालता येतं. शिवाय शनिवारी सकाळच्या चर्चगेट गाडीत क्वचित विंडो सीटही मिळते. नालासोपाऱ्याला चढणाऱ्या बाईला याचं काय मोल, ते त्याच गाडीनं येणाऱ्यांनाच कळेल.

माझी सारी नोकरी फोर्टात गेली. रोज चर्चगेटला उतरायचं, ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेनं पलीकडे जायचं, पुढे काळा घोड्यावरून ऑफिस. ती वाट म्हणजे काय आहे हे मला भाचीनं सांगितलं. ती चित्रकला शिकते, आणि शिक्षणासाठी वर्षभर आमच्याकडे राहायला होती. मैदानात उभं राहिलं की समोर हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पाठीमागे आर्ट डेको इमारतींची रांग, आणि हा सगळा पट्टा २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. मला त्या मैदानाबद्दल इतकंच ठाऊक होतं, की पावसाळ्यात तिथं चिखल होतो आणि चप्पल बदलावी लागते.

"मावशी, तू रोज जहांगीर आर्ट गॅलरीवरून जातेस आणि एकदाही आत नाही गेलीस?" तिनं विचारलं. नव्हते गेले. दाराशी रखवालदार बसलेला दिसायचा, आत पांढऱ्या भिंती दिसायच्या, आणि ते ठिकाण ज्यांचं आहे त्यांचं असावं असं वाटायचं. मग त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी शनिवार धरला.

भाचीचा एक नियम होता आणि तो मला अजूनही पटतो: एका दिवशी एकच मोठी इमारत, आणि त्या इमारतीतही सगळं बघायचं नाही. म्युझियममध्ये लोक येतात, बाणाच्या दिशेनं चालतात, प्रत्येक कपाटापाशी तीन सेकंद थांबतात आणि तासाभरात पाय दुखायला लागले की बाक शोधतात. आम्ही एका दालनात शिरायचो, आधी एक चक्कर नुसती मारायचो, मग ज्यानं पाय अडवले त्याच्याकडे परत यायचो. बाकीचं पुढच्या वेळी. गाव लांबचं असतं तर असं करता आलं नसतं. इथं मात्र सगळं पायाखाली आहे. म्युझियममधून बाहेर पडलं की डाव्या-उजव्या हाताला जहांगीर, डेव्हिड ससून लायब्ररी, समोर एनजीएमए, आणि रमतगमत गेलं तरी पाव तासावर टाउन हॉल.

पहिल्यांदा म्युझियम. त्याचं आताचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण बसवाला आणि टॅक्सीवाला दोघंही म्युझियमच म्हणतात. १९०५ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून पाया घातला गेला. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्ध सुरू झालं आणि आत जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दार उघडलं ते थेट जानेवारी १९२२ मध्ये. बागेतून चालत जाताना भिंतींचा दगड नीट बघावा: करडा-निळसर तो कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळट तो मालाडचा. गाडीतून रोज ज्या स्टेशनांची नावं ऐकतो तिथले डोंगर फोडून हे उभं केलंय. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली. आत शिरल्यावर मधल्या चौकात वर लाकडी कमानींचं नक्षीकाम दिसतं, ते नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेलं. लोक तिथं पोचतात आणि घुमटाचे फोटो काढत बसतात. लाकडाकडे फारसं कुणी बघत नाही.

तळमजल्यावरच्या शिल्पांच्या दालनात आमचे दोन-तीन शनिवार सहज गेले असतील. ऐहोळेच्या देवळातले तीन मोठे शिल्पपट आहेत तिथं, ब्रह्मा, विष्णू आणि शिव. सातव्या शतकातले. मूळचे ते छताचे. म्हणजे देवळात असते तर मान मोडेपर्यंत वर बघावं लागलं असतं आणि अंधारात निम्मं दिसलं नसतं. इथं उडणारे गंधर्व, वस्त्रांच्या चुण्या, सगळं समोरासमोर दिसतं. भाची तिथं वही उघडून बसली ती उठेना. मी मात्र त्या मूर्तींपेक्षा पाट्या वाचत होते. ऐहोळे कर्नाटकातलं. घारापुरीचा ब्रह्मा ठीक आहे, तो समुद्रापलीकडचाच. पण पुढे मातीचे बुद्ध दिसतात ते मीरपूरखासचे, म्हणजे सिंधमधले, आज पाकिस्तानात. हे सगळे इथं कसे, याचं उत्तर नकाशात आहे. त्या काळी सिंधही मुंबई इलाख्यात होता आणि विजापूर जिल्हाही. जुन्या इलाख्याच्या सीमा मोडून किती वर्षं झाली, पण या दालनात त्या अजून शाबूत आहेत. शाळेत भूगोल शिकवणाऱ्यांनी मुलांना इथं आणावं असं मला फार वाटतं.

आणि त्याच म्युझियममध्ये पाटीवर 'सोपारा' वाचलं.

काळा दगड, त्यावर ब्राह्मी अक्षरं. सम्राट अशोकाच्या आदेशाचा तुकडा, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला. आमच्या भागात अशोकाचे दोन तुकडे सापडले, एक आठव्या आदेशाचा, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना, आणि दुसरा नवव्याचा, १९५६ मध्ये भुईगावला. भुईगाव म्हणजे आम्ही वसईच्या बाजूला समुद्रावर जातो ना, तिथलं. आमच्या घराच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट आहे, बौद्ध स्तूपाची टेकडी. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आहे, कुंपण आहे, संध्याकाळी म्हातारी माणसं बसायला जातात. सोपारा हे मोठं बंदर होतं हे आम्ही सगळे अभिमानानं सांगतो, पण त्याचा दगड बघायला कुणी चर्चगेटला येत नाही.

म्युझियममधल्या तुकड्यावरच्या, म्हणजे नवव्या, आदेशात काय आहे ते भाचीनं फोनवर शोधून वाचलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो. अशोक म्हणतो, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मलं की, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात, आणि बायका तर फारच क्षुल्लक आणि निरर्थक विधी करत बसतात. असली कार्यं करावीत खरी, पण त्यांचं फळ थोडं. दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राण्यांना जपणं, दान देणं, हे खरं मंगल. तेवीसशे वर्षांपूर्वी पाटलीपुत्रात बसून त्यानं सोपाऱ्याच्या बायकांना सुनावलेलं, आणि आम्ही आमच्या सोसायटीत अजून त्याच यादीतलं एकेक करतोय. तिथला गार्ड आमच्याकडे बघत होता. "ताई, जरा हळू," म्हणाला, पण तोही हसत होता.

वरच्या मजल्यांवर पुष्कळ आहे. श्रवणबेळगोळचा ब्राँझचा बाहुबली जरूर पाहा, नवव्या शतकाच्या आसपासचा, हातापायांवर वेली चढलेल्या आणि चेहरा असा की वेलींचं त्याला काही नाही. अकबराचं चिलखत आहे. टाटांनी दिलेला मोठा संग्रह आहे, त्यातल्या चिनी-जपानी वस्तू आणि युरोपियन तैलचित्रं बघणारे बघतात. मला त्या चिनी बाटल्यांत कधी रस वाटला नाही आणि वाटेल असंही दिसत नाही. पूर्वेच्या भागात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातली आधुनिक चित्रं असतात. मूर्तींचा कंटाळा आला की तिकडे जावं. आणि सोबत लहान मूल असेल तर भुसा भरलेल्या प्राण्यांचं दालन, दुसरं काही दाखवायचा प्रयत्नसुद्धा करू नये.

समोर रस्ता ओलांडला की एनजीएमए. रस्ता ओलांडणं हेच तिथलं अवघड काम, रीगलचा चौक सगळीकडून वाहतो. ही इमारतही विटेटचीच, १९११ मधला कावसजी जहांगीर हॉल. इथं सभा व्हायच्या, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. १९९६ मध्ये तिचं आधुनिक कलेचं संग्रहालय झालं. बाहेरून जुनी दगडी इमारत, आत गेलं की भलतंच. मधून जिना, अर्धगोल मजले एकावर एक, चढत चढत शेवटी घुमटाखाली. मी गेले तेव्हा तिकीट २० रुपये होतं. स्टेशनबाहेरच्या वडापावाइतक्या पैशांत मुंबईतली सगळ्यात शांत जागा मिळते, आणि शनिवारी दुपारी आत मोजून दहा माणसं. त्या गोलाईमुळे एक गंमत होते: चित्र सरळ समोरून बघता बघता मागच्या बाजूनं खालच्या मजल्यावरचं चित्र दिसत राहतं. भाचीला हा वास्तूचा दोष वाटतो, चित्राला एकांत मिळत नाही म्हणते. मला आवडतं. ज्या दिवशी नव्या प्रदर्शनाची मांडणी चालू असते त्या दिवशी मात्र निम्मे मजले बंद असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावं.

आता जहांगीर. मुंबईत चित्र काढणाऱ्या कुणालाही विचारा, जहांगीरला प्रदर्शन लागणं म्हणजे काय. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या आठवणीसाठी पैसे दिले आणि १९५२ मध्ये ही गॅलरी उघडली. दुर्गा बाजपेयींनी काँक्रीटमध्ये बांधलेली, पुढे आलेल्या लाटेसारख्या छपराची इमारत. आजूबाजूला सगळे दगडी घुमट आणि कमानी, त्यात ही. प्रवेश फुकट, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, म्हणजे ऑफिस सुटल्यावरसुद्धा जाता येतं. प्रदर्शनं साधारण आठवड्याची, मंगळवारी नवी लागतात. पूर्वी तिथं समोवार नावाचं लांबट कॅफे होतं, १९६४ पासून २०१५ पर्यंत. आमच्या ऑफिसातल्या एक बाई तिथल्या पराठ्यांबद्दल अजून बोलतात. मी तेही नाही खाल्लं.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला काय करावं हेच कळेना. चित्रकार स्वतः खुर्चीवर बसलेला असतो, हे मला माहीतच नव्हतं. आपण त्याच्यासमोर त्याचं चित्र बघायचं, आणि तो आपल्याकडे बघतोय. मी पटकन "छान आहे" म्हणून पुढे निघाले, तर भाचीनं कोपर मारलं. "छान नको म्हणूस. कशानं केलंय ते विचार."

ते सोलापूरकडचे चित्रकला शिक्षक होते. विचारलं तसे उठून उभे राहिले आणि थेट कॅनव्हासपाशी घेऊन गेले. ॲक्रिलिक, पण खाली आधी वाळू आणि फेव्हिकॉलचा थर, तो वाळला की त्यावर रंग ओढायचा, मग चाकूनं खरवडायचं. "ताई, बोट लावून बघा कडेला," म्हणाले. कोरड्या नदीच्या पात्रासारखं लागत होतं. जहांगीरची तारीख मिळायला कितीतरी वर्षं थांबले होते. चित्रं टेम्पोत घालून आणलेली, स्वतः डोंबिवलीला मेहुण्याकडे उतरलेले, रोज सकाळी मध्य रेल्वेनं येऊन दहाच्या आधी दारात. हॉलचं भाडं, फ्रेमा, निमंत्रणपत्रिका, टेम्पो, सगळा हिशेब त्यांनी सांगितला, आणि त्यात रड नव्हती. पेरणीचा खर्च सांगावा तसं सांगत होते. चित्राखाली लाल टिकली लावलेली असली म्हणजे ते विकलं गेलं. त्यांच्या भिंतीवर दोन टिकल्या होत्या. एक खरी, आणि एक त्यांनीच लावलेली, "कारण एकही नसली की दुसरा माणूस घेत नाही." किमतीची यादी टेबलावर प्लास्टिकच्या फाइलमध्ये असते, ती उघडून बघितली तर कुणी रागावत नाही. शेरेवही असते. मी त्यात मराठीत लिहिलं, कारण वरचे सगळे शेरे इंग्रजीत 'अप्रतिम' या अर्थाचे एकेक शब्द होते. वाळूबद्दल चार ओळी लिहिल्या.

यानंतर जहांगीर मला परकं वाटलं नाही. बाहेरच्या फुटपाथवर जाळीला टांगून चित्रं विकणारे बसतात, तिथं पण आता थांबते. आतल्या आणि बाहेरच्या चित्रांत दरवेळी फार फरक असतो असंही नाही, आणि हे मी भाचीसमोर म्हटलं तेव्हा तिनं वाद घातला नाही.

खाजगी गॅलऱ्यांचं प्रकरण वेगळं. जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधींनी केमोल्ड सुरू केली होती. हुसेन, रझा, तय्यब मेहता ही नावं मोठी होत गेली तेव्हाची ती जागा. २००७ मध्ये ती फोर्टातच प्रेस्कॉट रोडला गेली. कुलाब्याच्या बाजूला जुन्या इमारतींच्या मजल्यांवर अशा आणखी बऱ्याच आहेत. डीएजी तर चक्क ताजमध्ये आहे. प्रवेश सगळीकडे फुकट. पण पाय उचलत नाही. खाली पाटी बारीक, लिफ्ट जुनी, वर काचेचं दार, काही ठिकाणी बेल. पहिल्या वेळी मी पायरीवर थांबून भाचीला म्हटलं, "तू जा, मी खाली आहे." ती म्हणाली, "साडीच्या दुकानात शिरताना विकतच घ्यायची असं ठरवून शिरतेस का?" या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

आत काय होतं, तर काहीच होत नाही. टेबलामागची मुलगी लॅपटॉपमधून मान वर करते, हसते, एक छापील कागद देते आणि पुन्हा मान खाली घालते. कुणी मागे येत नाही, कुणी किंमत सांगत नाही. भिंतीवर पाट्या नसतात, क्रमांक कागदावर असतात. तो कागद मी वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजी मला येतं, आयुष्यभर पॉलिसीच्या अटी वाचल्यात, पण ते इंग्रजी त्याहून कठीण होतं. मराठीत एक ओळ कुठंच दिसली नाही. मग कागद पर्समध्ये टाकला आणि नुसतं बघितलं. एका ठिकाणी खोलीभर तांब्याच्या तारा टांगलेल्या होत्या आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. पंखा त्या कामाचा भाग आहे की उकडतंय म्हणून लावलाय, यावर आमचं लिफ्ट खाली येईपर्यंत एकमत झालं नाही. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा सगळ्याच गॅलऱ्या नवी प्रदर्शनं लावतात आणि इतकी माणसं फिरत असतात की आपण उठून दिसत नाही. ज्याला माझ्यासारखा संकोच वाटतो त्यानं सुरुवात तेव्हा करावी.

चालताना मध्ये तो काळा घोडा लागतो. मूळ पुतळा होता सातव्या एडवर्डचा, तो प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. १९६५ मध्ये तो हलवला, आता राणीच्या बागेत आहे. मग अर्धशतकाहून जास्त काळ या भागाचं नाव काळा घोडा आणि घोडा मात्र नाही. २०१७ मध्ये नवा बसवला, पाठीवर स्वार नसलेला. मला हाच जास्त आवडतो. जेवायला या चौकातल्या कॅफेंच्या नादी लागू नये, कॉफीच्या पैशांत महिन्याच्या पासातले कितीतरी दिवस जातात. आम्ही फोर्टात आत शिरून उडुप्याकडे थाळी खायचो.

टाउन हॉल शेवटी ठेवला होता, कारण तिथं मला काम होतं. १८३३ मधली इमारत, रुंद तीस पायऱ्या, जाडजूड खांब, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. पायऱ्यांवर दिवसभर मुलंमुली बसलेली असतात, फोटो चाललेले असतात. आत पुतळे आहेत, नाना शंकरशेटही आहेत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. सोन्याच्या फुलांसोबत मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. आणि भोवती आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती, सात बुद्ध आणि एक मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. हे सगळं एशियाटिककडे आहे. आम्ही गेलो तेव्हा ते बघायला मांडलेलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसानं शांतपणे सांगितलं की रोज बाहेर काढत नाहीत, कधी विशेष प्रसंगी दाखवतात, चौकशी करत राहा. मी नालासोपाऱ्याची आहे असं सांगितल्यावर त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याकडून फार कुणी येत नाही विचारायला."

म्हणून पुढच्या वेळी मी सोसायटीतल्या बायकांना घेऊन आले. करंडे नव्हते तरी म्युझियममधला दगड होता. लेडीज डब्यातून सातजणी, डबे बरोबर, एक सूनबाई तान्ह्याला घेऊन. अशोकाचं ते बायकांबद्दलचं वाचून दाखवल्यावर आमच्या जोशीकाकू चिडल्या. "ह्याला कुणी सांगितलंय आमच्या वडाकडे बघायला?" पण खरा वाद परतीच्या गाडीत झाला. एकीचं म्हणणं, आपल्या गावचा दगड आपल्या गावात असायला हवा, कोटाशेजारी एक खोली बांधा आणि ठेवा. दुसरी म्हणाली, आपल्याकडे गटार वेळेवर साफ होत नाही, दगड कोण सांभाळणार, तिथं निदान पुसतात तरी. तिसरीला वाटलं, तिथं आहे म्हणून ऐहोळेवाल्याला आणि कुलाब्यातल्या परदेशी माणसाला सोपारा हे नाव तरी दिसतं. भाची म्हणाली, दगड तिथं राहू दे, पण हुबेहूब साच्यातली प्रतिकृती आपल्याकडे का नसावी, परळच्या शिवाची प्रतिकृती म्युझियममध्ये आहे आणि मूळ परळलाच पूजेत आहे, मग उलट का नाही. यावर जोशीकाकू म्हणाल्या, प्रतिकृतीला हळदकुंकू वाहिलं तर चालेल का, आणि बोरिवलीपर्यंत सगळा डबा त्यात पडला. विरारच्या बाजूच्या अनोळखी बायकासुद्धा.